दुपारी झोपायचं नाही

जेवणं झाली, पावणे जरा आडवे झाले, की म्हातारी पितळेची परात घेऊन पडवीत यायची आणि पळीने ती बडवायला लागायची. साधं वाजवणं नव्हे, बडवणं. आढ्यातली वटवाघळं भरदुपारी बाहेर पडायची.

"उठा! हितं दुपारचा कोन झोपत नाय!"

पावणे धडपडत बाहेर. कुणाला वाटे आग लागली, कुणाला वाटे बिबट्या आला. एक गृहस्थ तर लेंग्याची नाडी हातात धरूनच उंबऱ्यावर उभे राहिले होते. "काय झालं हो?" म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, "दुपार झाली." आणि परात घेऊन आत निघून गेली.

मी जीपवाला. चिपळूण स्टेशनावरून माणसं उचलायची, अलोऱ्याच्या पुढे डोंगरात न्यायची आणि त्या जंगलातल्या बंगल्यावर सोडायची, हा माझा धंदा. बंगला कुण्या गोऱ्या जंगलसाहेबाने बांधलेला. खाली जांभ्या दगडाच्या भिंती, वर सगळं सागवान. वीज नावाला, नळ नाही, पाणी पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, आंघोळीचं पाणी चुलीवरच्या हंड्यात. वरच्या मजल्यावर कुणी कूस बदलली तरी खाली कळायचं. गळकं छप्पर, करकरणारी जमीन आणि डोळ्यांत जाणारा धूर यांच्यापायी आम्ही आमच्या घरात बायकोची बोलणी खातो, आणि मुंबईची माणसं पैसे मोजून तेच घ्यायला इथे येतात. येऊदेत बापडी. माझी जीप त्यावरच चालते.

परतीचा रस्ता धड नाही, म्हणून मीही बऱ्याचदा तिथेच मुक्काम करायचो. पडवीतली बाज माझी. त्यामुळे तिचे प्रताप मी जवळून पाहिले. नाव सांगत नाही. तिलाही कुणी नावाने हाक मारत नसे. गाव तिला 'बंगलेवाली' म्हणे, मी काकी म्हणायचो, ती मला 'डायवर' म्हणायची.

जीप थांबली की ती कमरेवर हात ठेवून पायरीवर उभी. उतरणाऱ्याच्या चपलेपासून टोपीपर्यंत नजर फिरवायची आणि मोठ्याने, त्याच्यासमोरच, मला सांगायची, "हा एका रातीचा." म्हणजे उद्या पळणार. क्वचित कुणाला "दोन रातीचा" असा मान मिळे. तीन रातींचं माणूस तिने कधी पाहिलंच नाही, असं तिचं म्हणणं.

आणि पळतील नाही तर काय! एका साहेबांनी ताटातली कुळथाची पिठी आणि भात बघून विचारलं, "भाजी काय आहे?" तिने समोरचं ताट उचललं. "अजून भूक लागली नाय तुमाला. लागली की हाक मारा." साहेबांनी दिवेलागणीला हाक मारली. तीच पिठी, तोच भात. बोटं चाटून जेवले. एका पोराला मोबाईलची रेंज हवी होती. त्याला तिने भर उन्हात वरच्या कातळावर धाडलं. तो लाल होऊन परत आला, म्हणाला, "आजी, तिथे पण रेंज नाही." ही म्हणाली, "नसूदे. पाय तरी मोकले झाले."

एक नवी नवरी न्हाणीघरात पाल बघून किंचाळली आणि रडायलाच लागली. मला वाटलं आता तरी म्हातारी दोन शब्द बरे बोलेल. कसलं काय! "रडतंस कशाला? ती हितलीच हाय. तू पावणी. तूच जरा जपून ऱ्हा."

पण त्याच नवरीला दुसऱ्या दिवशी ताप भरला, तेव्हा ही तिच्या उशाशी बसून होती. कपाळावरची पट्टी बदलत होती आणि तोंडाने नवऱ्याला शिव्या देत होती. दुपारी परात काही वाजली नाही. मी म्हटलं, "काय काकी, आज सूट?"

"ती झोपली नाय, आजारी हाय," ती म्हणाली. "झोपनारे निराले."

मला वाटायचं, म्हातारीची खोड. असते एकेकाला.

एका शिमग्यात मी न विचारता चार पावणे घेऊन गेलो. तिने फाटकच उघडलं नाही. "शिमग्यात बंगला बंद. म्हायत नाय तुला?" पावण्यांनी मला लाखोली वाहिली. त्यांना अलोऱ्याला सोडून, त्यांची फाटकाशी राहिलेली पिशवी घ्यायला मी परत वर आलो, आणि नेमकी जीप फाटकाशीच बंद पडली. फाटकातून आत बघतो तर काय, अंगण शेणाने सारवलेलं. दारात रांगोळी. भर दुपारी समई पेटलेली. बंगल्याचं दार सताड उघडं, आणि ही जरीचं लुगडं नेसून पायरीवर बसलेली. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, नारळ, खण.

खालून ढोल ऐकू येत होते. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते, हे तुम्हांला सांगायला नको. ती वेळ सांगून येत नाही. आली की दार उघडं पाहिजे, दिवा लागलेला पाहिजे, घरची माणसं जागी पाहिजेत. बस्स, देवीचं एवढंच मागणं.

"ऐकलास?" ती म्हणाली. "आता पऱ्याशी आली."

ढोल मोठे झाले. ती उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. मग ढोल पऱ्यावरून उजवीकडे वळले, पलीकडच्या वाडीकडे गेले आणि लहान होत होत ऐकू येईनासे झाले. ती बराच वेळ सूप धरून तशीच उभी होती.

"चुकून वळली असेल," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"दर वर्साला चुकते व्हय?" ती खेकसली. आणि मग तिथेच पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं.

तेव्हा ती जवान होती. नवरा बंगल्याचा राखणदार, ही चूल सांभाळायची. शिमग्याच्या दिवसांत मालकांचे कुणी मोठे पावणे उतरले होते. दुपारचे जेवून झोपले आणि झोपताना दम देऊन गेले, "आवाज झाला तर याद राख. नोकरी जाईल दोघांची." आणि नेमकी तेव्हाच पालखी आली. ढोल, ताशे, निशाण, सगळा गाव. ही धावत फाटकाशी गेली आणि दोन्ही हात आडवे करून म्हणाली, "वाजवू नका वो. पावणे झोपलेत."

पालखीपुढे गावचा मानकरी. देवीला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. तो काही चिडला नाही. "बरा," म्हणाला. "झोपूदेत." आणि पालखी फाटकातून फिरली.

"म्होरल्या दांडीला कोन व्हता म्हायताय?" तिने मला विचारलं. "माजा घोव. त्याच्याच खांद्यावर व्हती. त्याला माज्या दारातनं देव फिरवून न्यावा लागला."

नवऱ्याला पुढे कधी पालखीला खांदा देऊ दिला नाही. तो हिला एका शब्दाने बोलला नाही. त्यानंतर फारसं काहीच बोलला नाही, आणि तसाच गेला. गावाने हिला वाळीत वगैरे टाकलं नाही हो, आमचं गाव सुधारलेलं आहे! दुकानात सामान मिळे, लग्नाला आमंत्रण येई. फक्त पालखी बंगल्याची चढण चढेना. दर वर्षी शिमग्याआधी ही नारळ घेऊन देवळात जायची, मानकऱ्याच्या पाया पडायची. "अवंदा तरी येऊदे वो."

मानकरी हसून म्हणायचा, "देवी झोपल्ये गो. उठली की येईल."

देवळात हशा पिकायचा. कुणीतरी मागून विचारायचं, "तुजे पावणे उठले काय?" पुन्हा हशा. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. दात घशात घालावेत असं वाटलं होतं एकेकाच्या.

तर अशी ती परात. त्या दिवसानंतर मी कधी तिला त्यावरून चिडवलं नाही. उलट एखादा पावणा दुपारी डुलकी काढताना दिसला, तर मीच जीपचा हॉर्न द्यायचो.

मग थोरले मालक गेले आणि बंगला त्यांच्या मुलाकडे आला. माणूस गोड. इतका गोड की मुंग्या लागाव्यात. एकदा तो पडवीत बसला, फोन काढला आणि तिला समोर उभी करून पावण्यांनी लिहिलेलं वाचून दाखवू लागला. माझ्यासमोर. "जागा सुंदर, पण म्हातारी उद्धट. ताट उचलून नेते. दुपारी भांडी बडवते. वेडी आहे का?" प्रत्येकानंतर मान वर करून हसायचा.

तिने सगळं ऐकून घेतलं. "ह्ये सगले एका रातीचे," म्हणाली.

"मावशी, आता तुम्ही आराम करा. मी हॉटेलात शिकलेली दोन माणसं आणतोय."

तिचा चेहरा तेव्हा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हात जोडताना पाहिलं. "शिमग्यापतूर ऱ्हाऊदे. येवडा शिमगा झाला का जाते. मंग नाय मागनार काय."

"अहो, शिमग्याचं बुकिंग आत्ताच फुल आहे. तेव्हा तर माणसं लागतीलच ना!" म्हणाला आणि तिच्या खांद्यावर थोपटलं.

तिला मालगुंडला भाचीकडे मीच सोडलं. सामान एक ट्रंक आणि परात. उतरताना फक्त म्हणाली, "शिमगा झाला का येऊन सांग. चढली का नाय ती." पुढे महिन्याभरात तिच्यावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. भाचीचा फोन यायचा, "काय सांगू दादा, दुपार झाली की डाव्या हाताने तांब्या आपटत बसते. शेजारी भांडायला येतात."

आणि त्या शिमग्याला पालखी बंगल्यावर आली.

धाकट्या मालकांनी देवळाच्या सभामंडपाला नवे पत्रे दिले होते. पावण्यांना 'कोकणातला शिमगा' दाखवायचा होता. पालखीची वेळ ठरली, दुपारची. पालखीला वेळ! मी पावणे घेऊन वर गेलो होतो, म्हणून बघायला मिळालं. तोच मानकरी, आता काठी टेकत, धापा टाकत चढण चढला. फाटकात फुलांची कमान होती. ढोल असे घुमत होते की माझ्याही अंगावर काटा आला. मनात म्हटलं, काकी, बघ गो, चढली एकदाची.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून एक बाई डोकावल्या. ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "एक्स्क्यूज मी, जरा हळू प्लीज! मुलं झोपलीयेत."

मी मानकऱ्याकडे बघत राहिलो. म्हटलं, आता फिरवतो पालखी. फिरव! एवढी वर्षं एका बाईला जाळलंस, आता फिरवून दाखव.

मानकऱ्याने हात वर केला. ढोल थांबले. ताशे थांबले. पालखी अंगणात टेकवली आणि त्याने पुटपुटत गाऱ्हाणं घातलं. दर वाक्याला सगळा गाव म्हणतो ते "व्हय म्हाराजा" सगळ्या गावाने त्या दिवशी कुजबुजून म्हटलं. मालकांच्या नव्या माणसाने देवीची ओटी भरली. मग चपला हातात घेऊन सगळे उतरणीला लागले.

मी मानकऱ्याला पऱ्याशी गाठलं. "काय वो, देवी उठली वाटतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "पोरांची झोप मोडू नये," म्हणाला. "पाप लागतं."

दुसऱ्या दिवशी स्टेशनावरचं भाडं होतं, ते टाकून मी मालगुंडला गेलो. ती पडवीत बाजेवर होती. हाडं आणि डोळे, दुसरं काही उरलं नव्हतं. मला बघितल्याबरोबर तांब्या आपटला.

"चढली?" तिने विचारलं. शब्द नीट येत नव्हता, पण मला कळला.

"चढली."

तिचे डोळे भरून आले. डावा हात कपाळाला लावला. मग म्हणाली, "ढोल?"

मला हवं तर खोटं बोलता आलं असतं. पण डोकं कालपासून भणाणलेलं होतं, आणि हिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगायचं ते? मी सगळं सांगितलं. खिडकीतली बाई, मानकऱ्याचा हात, कुजबुजलेलं "व्हय म्हाराजा", सगळं. मला वाटलं ती शिव्या देईल. मला शिव्याच ऐकायच्या होत्या.

तिने आढ्याकडे नजर वळवली. मग जड जिभेने, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मंग... माजा... काय चुकला व्हता?"

मी तिचा हात धरून बसलो. तिने तो सोडवून घेतला.

आठवड्याने भाचीचा फोन आला. आवाज मोकळा होता, कधी नव्हे तो. "दादा, तुम्ही येऊन गेलात ते बरं झालं बघा. काय समजावलंत कुणास ठाऊक, पण मावशी शहाणी झाली. तांब्याला हात लावत नाही. दुपारची गप झोपते."

पावसाळ्याआधीच, अशीच झोपेत गेली.