चालण्याची गोळी

डाळमिलीपुढच्या औषधाच्या दुकानातला तो जाडा माणूस स्टुलावरून कधी उठत न्हाई. गिऱ्हाईकाचं बोलणं संपायच्या आधीच "हाव, हाव" म्हणतो अन् कात्रीनं गोळ्यांचं पाकीट कापतो.

बायको गेल्यापासून माझं सकाळचं फिरणं सुटलं, शुगर चढली. न चालता चालल्याचा फायदा देणारी गोळी निघून राहिली, असं मोबाइलवर ऐकलं. रिक्षानं दुकानावर गेलो, म्हणलं, "ती दे."

"आबा, ती अजून उंदरालाच देऊन राहिलेत."

"मग उंदराचीच दे."

तो हसला न्हाई. माझ्या शुगरच्या पाकिटातल्या दोनच गोळ्या कापून दिल्या.

"लोकाला तर आख्खं पाकीट देतोस!"

"लोकं चालतात. तुम्ही परवा या, पायी. रिक्षात दिसलात तर एकच देईन."

लई राग आला. तरी पायी गेलो. आता एक दिवसाआड जातो. मी लांबून दिसलो, की तो कात्री उचलतो.

काल त्यानं शुगर तपासली, उतरली होती. "हाव, हाव," म्हणाला अन् पहिल्यांदाच उठून त्यानं मला स्टूल दिलं.

घरी जाऊन हे सांगायला कोणी न्हाई. म्हणून तिथंच बराच वेळ बसलो.