माशात निघालेला टोमॅटो

माझी धाकटी नणंद विद्यापीठात जैव-अभियांत्रिकी आणि जनुकशास्त्र शिकवते. सव्वीस वर्षं झाली. घरी तिला सगळे ‘प्राध्यापकीण’ म्हणतात आणि तीही त्या नावाला ओ देते. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर, आणि पर्समध्ये शोध तिसऱ्याचा.

बारीक नळीतला थेंब पिपेटने, म्हणजे द्रव मोजून ओढणाऱ्या हातातल्या उपकरणाने, कसा उचलायचा, हे फळ्यावर शिकवून येत नाही असं तिचं ठाम मत. ती विद्यार्थ्याच्या हातातलं पिपेट सरळ काढून घ्यायची, “माझा हात बघा,” म्हणायची आणि टोमॅटोच्या अर्कावर करून दाखवायची.

यंदा तिच्या वर्गात एक नर्स होती. दहा वर्षं रुग्णालयात काढून दोन वर्षांच्या रजेवर शिकायला आलेली, डावखुरी. तलावातल्या एका माशाचा डीएनए वाचायचा, हा तिचा प्रकल्प. निकाल आला तेव्हा माशाबरोबर टोमॅटोही निघाला, आणि तोही थोडाथोडका नव्हे.

विभागप्रमुख म्हणाले, “मासा कापला कुठे, स्वयंपाकघरात? मीठ तेवढं राहिलं!” मग हसू आवरून त्यांनी सांगितलं, हा निव्वळ निष्काळजीपणा, प्रकल्प नापास. म्हणजे रजा संपली की तिला पदवीशिवाय परत जावं लागणार. नणंदेनेही तिला झापलं.

“प्रयोगशाळेत डबा खाल्लास ना? खरं सांग.”

“मॅडम, मला टोमॅटो चालतच नाही. अंगावर पित्त उठतं.”

त्या रविवारी नणंद माझ्याकडे आली. चहा पुढ्यात गार झाला.

“वहिनी, त्या मुलीचं पिपेट तिच्याखालोखाल कोणी वापरलं असेल?”

“कोणी?”

“मी! डाव्या हाताने ती थेंब उचलायची ते मला बघवायचं नाही. दर वेळी हिसकावून घ्यायचे. पुढचं टोक दर वेळी बदललं तरी आतल्या दांड्यात माझ्या टोमॅटोच्या अर्काचा तुषार उडतोच की हो.”

“मग आता?”

“आता काय, तपासायचं.”

तिने आपल्या अर्काची उरलेली बाटली तपासायला दिली. आठवड्याने उत्तर आलं. माशातला टोमॅटो आणि बाटलीतला टोमॅटो एकाच वाणाचा, अक्षर न् अक्षर जुळणारा.

ती तडक विभागप्रमुखांकडे गेली. “चूक माझी आहे, तशी लिहून घ्या.”

“अहो मॅडम, सव्वीस वर्षांनी हे कागदावर आणायचं? परीक्षा मंडळ विचारेल, आधीच्या वर्गांचं काय?”

“विचारू दे. मीही तेच विचारतेय.”

मंडळाने नर्सला सहा आठवडे आणि नवं पिपेट दिलं. नणंद दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून तिच्यामागे उभी राहायची. मला म्हणाली, “नुसतं तोंडाने शिकवायचं म्हणजे जीव जातो हो, वहिनी.” पण शिकवलं. दुसऱ्या निकालात मासा आणि फक्त मासाच होता. नर्स पास झाली आणि पदवी घेऊन कामावर रुजू झाली.

नणंद मात्र जुने निकाल काढून बसली आहे. आतापर्यंत अकरा वर्षांचे तपासून झाले. दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या निकालांत टोमॅटो सापडला. त्या दोघांना तिने स्वतःच्या सहीने पत्रं पाठवली आहेत.