गच्चीवर बसण्याचं कारण

"स्वतःची काळजी घे हं." दुसऱ्या बाळंतपणानंतर हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलं, की पुढे पुढे ते ऐकलं की डोक्यात तिडीक जायची. पुण्याहून फोनवर सासूबाई, नवऱ्याच्या ऑफिसातले साहेब, जिन्यात भेटणारा जो तो. घे म्हणे काळजी! कधी घेऊ, कुठे घेऊ, आणि तेवढा वेळ बाळाला कोण सांभाळेल, हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

आम्ही नुकतेच आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून मयूर विहारला आलो होतो. सोसायटीतला स्वतःचा फ्लॅट, पहिला मजला, दोन खोल्या, हॉल आणि पिवळ्या गुळगुळीत टाइल्स. सगळे म्हणाले, नशीब काढलंत. असेल. पण त्या फ्लॅटमध्ये थंडीत ऊन येत नसे. पुढच्या इमारतीने ते सगळं अडवलेलं होतं. डिसेंबरात दिल्लीत ज्याच्या घरात ऊन नाही त्याची अवस्था काय होते ते दिल्लीकरालाच विचारावं. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून मी लंगोट धुवायची, आणि बोटं अशी बधिर व्हायची की पिळताना आपलीच आहेत असं वाटायचं नाही.

मला रडू यायचं. कारण काही नाही. कुकरची शिट्टी झाली की रडू, दाराची बेल वाजली की रडू. मुलगा चार महिन्यांचा होता, मुलगी सहा वर्षांची. एक दिवस शाळेतून येताना ती कंपासपेटी हरवून आली आणि मी तिच्या एक मुस्कटात ठेवून दिली. इतक्या जोरात, की तिचा पिना लावलेला केसांचा भांग विस्कटला. ती रडलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे. मला माझ्याच हाताची भीती वाटली. हा हात उद्या बाळावर उठला तर? ही भीती मी कुणाला सांगणार होते? नवऱ्याला सांगितली. तो म्हणाला, "दमली आहेस. स्वतःची काळजी घे."

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंसमोर मी सगळं ओकले. बाई पंजाबी, वयस्क, तोंडाच्या फटकळ. पण त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. म्हणाल्या, "रोज एक घंटा धूप में बैठो. अकेली. बच्चा किसी को पकड़ा दो. और हाथ में स्वेटर-मटर कुछ मत लेना, समझीं? खाली हाथ. पंद्रह दिन में फ़र्क न पड़े तो बड़े अस्पताल भेजूँगी."

खाली हाथ! मला ते औषध ऐकूनच हसू आलं. आर. के. पुरमला क्वार्टरांच्या मधोमध हिरवळ होती, आणि थंडीत आम्ही सगळ्या तिथे चटया टाकून बसायचो, बंगाली, मल्याळी, गढवाली, आम्ही दोघी-तिघी मराठी. आठवून बघितलं तर त्या हिरवळीवर हात रिकामे असलेली एकही बाई मला आठवेना. कुणी मटार सोलतंय, कुणी विणतंय, कुणी पोरीच्या उवा काढतंय. ऊन काय ते कामाबरोबर फुकट मिळायचं.

नव्या सोसायटीत ऊन होतं फक्त गच्चीवर. आणि गच्चीला कुलूप. कारण काय, तर केबलवाल्याची छत्री, म्हणजे डिश. कुणाचं पोर तिला धडकलं आणि छत्री हलली की चारही मजल्यांवरच्या मालिकांना मुंग्या यायच्या. किल्ली सेक्रेटरीसाहेबांकडे, तळमजल्यावर.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, किल्ली मागून आणा ना."

"अशी कशी मागणार?" नवरा म्हणाला. "रीतसर अर्ज करू."

आता इथे सांगायला हवं, की ती सगळी सोसायटी एकाच मंत्रालयातल्या माणसांची होती. सेक्रेटरी मंत्रालयातले, खजिनदार मंत्रालयातले, आमचे हे मंत्रालयातले. सगळे एकाच चार्टर्ड बसने जायचे, एकाच बसने यायचे. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला 'यार, किल्ली दे ना' एवढं म्हणायचं होतं. पण नाही! दिवसभर फायली ढकलणाऱ्या माणसांना संध्याकाळीसुद्धा फाईलच लागते. नवऱ्याने भाबडेपणाने फुलस्केपवर लिहिलं, की पत्नीस वैद्यकीय सल्ल्यानुसार रोज एक तास गच्चीवर बसण्यास परवानगी मिळावी. खाली सही, फ्लॅट नंबर. तो कागद त्याने त्याच बसमध्ये सेक्रेटरीसाहेबांच्या हातात दिला.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. टाइप केलेलं, शिक्क्यासकट. छत कपड़े, बिस्तर, पापड़-अचार सुखाने तथा पूजा-पाठ हेतु है. विश्राम की व्यवस्था सदस्य अपने फ़्लैट में करें.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे लोणच्याला ऊन चालतं, गादीला चालतं, मला चालत नाही! नवऱ्याला मात्र यात काही वावगं दिसलं नाही. उलट तो खूश होता. "अगं, मग सोपं आहे. कपडे वाळत घालायचे म्हणून किल्ली घे. रूल्समध्ये बसतं."

आणि मी, डोकं असलेली, बी. ए. झालेली बाई, तसं केलं. काय करणार? मला ऊन हवं होतं. रोज साडेबाराला मी कपाटातली धुतलेली, घडी घातलेली चादर काढायची, नळाखाली धरून ओली करायची, पिळायची आणि बादलीत घालून खाली जायची. दार सेक्रेटरीसाहेबांची बायको उघडायची. पानिपतची, अंगाने भरलेली, हात सदैव कणकेने माखलेले. "कपड़े?" ती विचारायची. "हाँ जी, कपड़े." मग ती हात धुवायची आणि स्वतःहून म्हणायची, "ला, मुन्ने को मुझे दे. ठंड लग जाएगी ऊपर." कपड्यांसाठी तिने बाळ आनंदाने घेतलं. रोज घेतलं. मी बसायला जाते म्हटलं असतं तर घेतलं असतं का, कोण जाणे.

वर जाऊन चादर दोरीवर टाकायची, बादली पालथी घालायची आणि पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसायचं. पहिले दोन दिवस नुसती जिन्याकडे कान लावून होते, चोरासारखी. तिसऱ्या दिवशी डोळे मिटले. आठवड्याने एकदा कुकरची शिट्टी झाली आणि रडू आलं नाही. मी तिथेच गॅससमोर उभी राहून परत एक शिट्टी होऊ दिली, खात्री करायला. डाळीचा गाळ झाला, पण मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग शाळेला सुट्टी लागली आणि मुलगी चिमट्यांची पिशवी घेऊन माझ्याबरोबर यायला लागली. रविवार होता. किल्ली परत द्यायला गेलो तर दारात स्वतः सेक्रेटरीसाहेब. लाडाने तिला म्हणाले, "क्यों बेटा, सूख गई चादर?"

"अंकल, वो तो पहले से सूखी थी," माझं रत्न उत्तरलं. "मम्मी रोज नल के नीचे गीली करती है. फिर ऊपर जाके बैठती है."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. दुसऱ्याच दिवशी जिन्याखालच्या बोर्डावर नोटीस. 'छत का दुरुपयोग.' नाव नव्हतं, फक्त फ्लॅट नंबर. आणि किल्ली बंद. दुरुपयोग! मी कुणाची छत्री हलवली होती, की कुणाची चादर चोरली होती? चौथ्या दिवशी मी मुलीवर हात उगारला. न मारता खाली आणला, पण उगारला होता. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. तेवढं मला पुरलं.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती, खाली स्कूटरच्या पार्किंगमध्ये. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे समोशांच्या ताटांशी आम्ही बायका. गच्चीचा विषय निघाला. कुणी म्हणालं, बाल्कनीत तारा लावून घ्या आणि गच्ची कायमची बंद करा. कुणी म्हणालं, बिल्कुल. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांच्या लेस बघत होता.

मी बाळाला कडेवर घेऊन पुढे गेले. हिंदीचं व्याकरण पार कोलमडलं. म्हटलं, "मैं कपड़े सुखाने नहीं जाती. बैठने जाती हूँ. खाली हाथ बैठने. एक घंटा नहीं बैठूँगी तो मेरा हाथ बच्चों पे उठता है. अब लिखिए ये आपके रजिस्टर में."

सेक्रेटरीसाहेब घसा खाकरून म्हणाले, "देखिए बहनजी, बच्चों के स्वास्थ्य के लिए धूप चाहिए, ऐसा लिख देते हैं. फिर किसी को ऐतराज नहीं होगा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढी सोय! मुलांच्या नावावर सगळं मिळतं. परवानगी हातात आली होती, मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "बच्चों के लिए नहीं," मी म्हटलं, "मेरे लिए. 'बैठने के लिए' लिखिए."

पेन हवेत. तेवढ्यात मागून आवाज आला. "लिख दो जी." पानिपतवाली होती, हातात चटणीचा डाव. नवऱ्याकडे न बघता तिने परत सांगितलं, "बैठने के लिए. लिख दो."

लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी बादली न घेता गेले. तिने दार उघडलं, या वेळी काही विचारलं नाही, बाळ घेतलं. तासाभराने मी खाली आले तर तिने बाळ माझ्याकडे दिलं, किल्ली माझ्या हातातून घेतली आणि गॅस बंद करून स्वतः वर गेली. तो सगळा हिवाळा आम्ही तसाच काढला, आधी मी, मग ती.

याला खूप वर्षं झाली. ती चिमट्यांची पिशवी घेणारी मुलगी आता नोएडात एकविसाव्या मजल्यावर राहते. तिला पाच महिन्यांचं बाळ आहे. तिच्या घरात सकाळपासून ऊन आहे, खाली बाग आहे, आणि तिच्या फोनवर दिवसाला चार मेसेज येतात, 'स्वतःची काळजी घे', असे. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेले. फ्रिज उघडला तर दुधाच्या सात पिशव्या.

"एवढं दूध कशाला गं?"

तिने फ्रिजचं दार लावलं. मग म्हणाली, "दूध आणायला जाते म्हटलं की कोणी काही विचारत नाही. बेसमेंटमध्ये कारमध्ये बसते, यार आई. वीस मिनिटं. बस."

मला संताप आला. तिचा नाही. मी त्या पार्किंगमध्ये उभी राहून जे लिहून घेतलं होतं, ते रजिस्टर कुठल्या कपाटात कुजलं असेल देव जाणे. इथे परत सगळं पहिल्यापासून.

संध्याकाळी ती निघाली. नवरा सोफ्यावर होता. तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि सवयीने कापडी पिशवी खांद्याला लावली. मी ती काढून घेतली.

"पण मग काय सांगू?" ती हळूच म्हणाली.

"बसायला चालले म्हणून सांग," मी मोठ्याने म्हटलं, सोफ्यापर्यंत ऐकू जाईल असं. ती दारापर्यंत गेली. मग वळून तिने नवऱ्याला ते सांगितलं आणि रिकामे हात हलवत लिफ्टकडे गेली.