पाखराची बेल

आमच्या नवीन पनवेलच्या घराची जुनी बेल अगदी गावठी होती. बटण दाबलं की कर्रर्र ओरडायची, बोट उचललं की गप्प. तिला स्वतःचं असं काही म्हणायचंच नव्हतं, म्हणूनच ती माझ्या सासूबाईंच्या सोयीची होती. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती आणि दारातलं बाहेर बघायचं भिंग त्यांच्या काही कामाचं नव्हतं. आम्ही नवराबायको ऑफिसला गेलो की संध्याकाळपर्यंत त्या एकट्याच असत. पण दार त्याच उघडायच्या, आणि बाहेर कोण उभं आहे हे नुसती बेल ऐकून उघडण्याआधीच सांगायच्या.

समोरच्या घरातल्या भाभी बटणाला नुसता हात लावायच्या, जणू बेलचीच माफी मागतायत. त्यांचे यजमान आखातात नोकरीला होते, दिवसातून एकदा तरी त्या साखर नाहीतर गप्पा मागायला येत. कचरेवाला कोपर टेकल्यासारखं दाबून धरायचा. माझी बेल म्हणे दमलेली असायची. बेल दमलेली कशी असते हे मी कधी विचारलं नाही, घरात आधीच वाद थोडे नव्हते. आणि नणंदबाई! शाळेपासून त्यांची एकच तऱ्हा, दार उघडेपर्यंत टकटकटक बटण दाबत राहायचं. लग्न होऊन पुण्याला गेल्या तरी माहेरी येताना तेच. सासूबाई पुटपुटत उठायच्या, पण तोंड हसरं असायचं.

मग एका पावसाळ्यात ती बेल जळली. नवरा पनवेलच्या बाजारात सगळी इलेक्ट्रिकची दुकानं पालथी घालून आला. कर्रर्रवाली आता कोण घेतं, असं त्यालाच दुकानदारांनी विचारलं. कुणाकडे आरतीची होती, कुणाकडे पाखराची. त्यानं पाखराची आणली. हलकं दाबा की जोरात, पाखरू आपलं ठरलेलं गाणं पूर्ण म्हणणार. मध्येच पुन्हा दाबलं तर ते पहिल्यापासून सुरू करायचं. कुणीही दाबा, आवाज गोडच, असं दुकानदार कौतुकानं म्हणाला होता.

खरंच, कुणीही दाबा. कचरेवाला आणि भाभी एकाच गळ्यानं गाऊ लागले. सासूबाई आतून विचारायच्या, कोण आहे? आणि बाहेरून आपली माणसं जे उत्तर देतात तेच यायचं, “मी.” अख्ख्या महाराष्ट्रात बंद दाराबाहेर उभा राहिलेला माणूस स्वतःचं नाव सांगत नाही. तो “मी” असतो, आणि आतल्यानं ते ओळखावं अशी त्याची अपेक्षा असते.

अशाच एका दुपारी पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारे दोघे आले. कोण आहे विचारल्यावर म्हणाले, “आम्ही, आई.” सासूबाईंना वाटलं, मुलानं सांगितलेले प्लंबर आले. घेतलं आत. त्यांनी नळ सोडून बघितला, यंत्राची तारीफ केली, बेसनाचे लाडू खाल्ले आणि गेले. लाडवांखेरीज घरातलं काही गेलं नाही. सासूबाईंनी ही गंमत फोनवर लेकीला आपणहून सांगितली.

नणंदबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन माझ्याकडे द्यायला लावला. म्हणाल्या, यापुढे जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून जा, किल्ली भाभींकडे ठेवा, मीच चांगलं कुलूप घेऊन येते. आईला फोन उचलायला जरा उशीर झाला की त्यांना तिकडे जेवण जात नसे, हे मला ठाऊक होतं. त्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून तर मला भांडता येईना.

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. मेथी निवडता निवडता त्यांनी विचारलं, “मला कोंडून ठेवणार का गं तुम्ही?”

मी त्यांच्यासमोर बसून मेथीची एक जुडी ओढून घेतली. राग सगळ्यांचा आला, सर्वांत जास्त त्या पाखराचा.

पण आम्ही काही करण्याआधी बाहेरच्यांनीच आपापली ओळख द्यायला सुरुवात केली होती. भाभी बेल झाली की जाळीवर बांगड्या वाजवू लागल्या. कचरेवाला मुद्दाम बादली फरफटत आणायचा. बेलपाड्याहून म्हावरं घेऊन येणारी मासळीवाली तर बटणाकडे बघायचीच नाही. ती पाटी टेकवून जाळीवर थाप मारायची. “त्या पाखराला काय ठावं, मी कोण हाय,” असं तिचं म्हणणं. मग सासूबाईंनीही मनाशी एक नियम केला. पाखरानंतर ओळखीचा आवाज आला नाही, तर दार उघडायचं नाही.

त्याच आठवड्यात माझं अंग मोडून आलं म्हणून मी घरी झोपले होते. दुपारी पाखरू बोललं. मी उठायला लागले तर सासूबाईंनी हातानंच थांबवलं. भिंतीच्या आधारानं दाराशी गेल्या, कोण आहे म्हणून विचारलं. उत्तर नाही. पाखरू पुन्हा पूर्ण गायलं, पुन्हा शांतता. कडीवरचा हात त्यांनी काढून घेतला.

“आपलं कुणी नाही,” त्या हळूच मला म्हणाल्या आणि खुर्चीत येऊन बसल्या.

आणि मग पाखराला काय झालं कुणास ठाऊक, चिव, चिव, चिव, चिव, गाणं काही पुढे सरकेचना. मला वाटलं ही बेलही जळली. सासूबाई मात्र तोवर दाराशी पोचल्या होत्या, मी कधी बघितला नव्हता अशा वेगानं.

“अगं हो हो, येतेय ना,” म्हणत त्यांनी दार उघडलं.

बाहेर नणंदबाई, खांद्याला पर्स, एसटीच्या प्रवासानं घामाघूम. आई अनोळखी माणसाला दार उघडते का ते बघायला न कळवता आल्या होत्या, मुद्दाम गप्प उभ्या होत्या. आईनं उघडलं नाही, म्हणजे त्यांचं समाधान व्हायला हवं होतं. पण आपल्याच आईचं दार आपल्याला बंद राहिलेलं त्यांना सोसवलं नाही, आणि बोट जुन्या सवयीनं टकटकत सुटलं.

“तुला कसं कळलं?” त्यांचा आवाज ओला झाला होता.

“एवढी घाई या दाराशी दुसऱ्या कुणाला असते?”

चहा झाल्यावर नणंदबाईंनी पर्समधून पितळी कुलूप काढलं आणि टीपॉयवर ठेवलं. सासूबाईंनी आवाजानंच ओळखलं. हातात घेऊन चाचपलं, दांडा फिरवून बघितला.

“छान जड आहे,” त्या म्हणाल्या. “हे आतून लावता येईल ना?”

नणंदबाईंनी पर्समध्ये पुन्हा हात घातला आणि किल्ली शोधून आईच्या तळहातावर ठेवली.