फोटोसाठी काढलेली पोत

नोकरीतलं बरंच विसरलो, पण पोतीची ती केस अजून डोक्यातून जात नाही. सत्तरच्या दशकाचा शेवट. धंतोली ठाण्यात मी दीड वर्ष झालेला नवा फौजदार होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

भिवापूरकडची एक शेतकरीण दवाखान्यात आली होती. एक्स-रेच्या दाराशी एकाने तिला सोन्याची पोत काढायला लावली, सांभाळतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. खबर आली की तिथला वॉर्डबॉय त्या वेळी दाराशीच होता. त्याला सामील असेल म्हणून आणला उचलून, रिमांड घेतला. खोदून खोदून विचारलं तरी तो एकच सांगे, "मी पेशंटले घेऊन जाऊन राहिलो होतो, साहेब." इकडे दवाखान्याने त्याला कामावरून काढायची नोटीस धाडली. त्याची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे.

रेकॉर्ड सांभाळणारे हवालदार माझ्यापेक्षा वयाने मोठे. दर गुन्ह्याचं एक कार्ड, त्याच्या डोक्यावर कलम, एवढाच नियम. हे मात्र कलमाखाली फिर्यादीच्या तोंडचे चार शब्दही लिहीत. रुजू झाल्या झाल्याच मी त्यांना झापलं होतं की सरकारी कार्डावर कीर्तन नको. त्यांनी मान डोलावली होती.

आता जुने गुन्हेगार शोधायला मी कलमावरून फसवणुकीची कार्डं काढली, तर खोकंभर निघाली. मी कपाळाला हात लावला. हवालदार शांतपणे म्हणाले, "कलम तं आपण लावतो, साहेब. बाई काय म्हणाली थे पाहा ना."

तिची फिर्याद मी पुन्हा वाचली. तो माणूस म्हणाला होता, 'छातीचा फोटो काढाचा हाय, पोत काढ वं.' हवालदारांनी कार्डं चाळली आणि दोन माझ्यापुढे ठेवली. कलमाखाली बारीक अक्षरात, पेन्सिलने लिहिलं होतं: फोटो, पोत काढ वं. माझ्या धाकाने त्यांनी शाई सोडली होती, ओळ सोडली नव्हती.

दोन्हींवर आरोपी एकच, सहा महिन्यांची शिक्षा भोगून नुकताच सुटलेला. त्याला आणून मी फक्त ती ओळ वाचून दाखवली. त्याने पाणी मागितलं, एकट्यानेच केलं म्हणाला आणि पोत कुठल्या सराफाला विकली ते सांगितलं. ओळखपरेडमध्ये बाईने त्याच्यावरच बोट ठेवलं.

वॉर्डबॉय सुटला. दवाखान्याला चिठ्ठी मी स्वतः लिहिली. जाताना त्याच्या बायकोने विचारलं, "हे कारड पयले काहून नाही पाहिलं, साहेब?"

मला लाज वाटली. शोधणाऱ्याला कलम आठवेल की बाईचे शब्द, याचा मी कधी विचारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी हवालदारांच्या टेबलावर शाईची दौत ठेवली आणि म्हटलं, सगळ्या ओळी पक्क्या करा.