डोमाभाऊचा बरफ

डोमाभाऊवर मी जेवढी ओरडली असेन तेवढी नवऱ्यावरही नाही. तलावातली मासोळी धरता धरता केस पांढरे झालेला हा माणूस आता कुरखेड्याकडच्या खेड्यांतून रक्ताच्या नळ्या मोटारसायकलवर आमच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये आणतो. दारातूनच विचारणार, "जेवल्या काय जी, नीलिमाबाई?"

मे महिन्यात एकदा मी त्याच्यावर कडाडले. "डब्बा उन्हात ठेवून चहा काय पिता? रक्त खराब होते नं!" बिचाऱ्यानं डब्बा उचलून सावलीत ठेवला.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या शेजारच्या इंदिराबाईंचं रक्त आलं. बीपीची गोळी चालू असलेली बाई; अशा गोळीनं पोटॅशियम वाढू शकतं. तपासलं तर पोटॅशियम सात पॉइंट आठ! एवढं वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. इंजेक्शन सुरू करा म्हणून सांगायला डॉक्टरांनी गावच्या नर्सला फोन लावला.

डोमाभाऊ मात्र खुशीत होता. "बाई, आज पाहा कसं ताजं आणलं! बाजारातला बरफ फोडला अन् नळ्या गळ्यापर्यंत गाडल्या. मासोळी अशीच राह्यते."

मी खुर्चीतून ताडकन उठले. "अहो, ती मासोळी आहे, हे रक्त! तीन तास बरफात राहिलं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. आकडा खोटाही असेल!"

मी डॉक्टरांना थांबवलं. पोटॅशियम मुळात वाढलंच नसेल तर ते उतरवायचं औषध जिवावर बेतू शकतं. "बाईलाच इथं आणा, लवकर," डॉक्टर म्हणाले. डोमाभाऊ तोवर पायऱ्या उतरला होता.

गावातल्या बिरजूच्या जीपमधून त्यानं इंदिराबाईंना आणलं, बिडीसाठीच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधता बांधता उठवून. "काऊन आणलं रे मले? कोणी सांगूनच नाई राह्यलं," त्या करवादत होत्या. मी रक्त काढलं, तिथल्या तिथं तपासलं. चार पॉइंट दोन. एकदम ठणठणीत!

डोमाभाऊ दारातच खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडला. "माह्या शहाणपणानं मेली असती नं बाई ते!"

मी रागवणार होते, पण त्याच्या शेजारी जाऊन बसले. दोन वर्षं मी त्याच्यावर नुसती ओरडत होते. नळ्या कशा आणायच्या, हे एकदाही जवळ बसवून सांगितलं नव्हतं.