बिनपगारी मदतनीस, एक

खरात सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडीगोद्रीला, हायवेलगतच्या एका पंक्चरच्या दुकानात माहिती भरत होते. लहान उद्योगांच्या सरकारी पाहणीचं काम. थोडेच प्रश्न उरले होते. माझा चेहरा पाहून मालक म्हणाला, मॅडम, तुम्ही जा, राहिलेलं मी फोनवर सांगतो. मी गेले नाही. डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न विचारला, मागच्या महिन्यात दुकान किती दिवस उघडं होतं? माहिती अर्धवट टाकून मी बदनापूरला त्यांच्या घरी धावले असते, तर सरांनी तिरडीवरून उठून मला परत पाठवलं असतं... त्याला आता दीड महिना झाला.

किसनराव खरात हे जिल्ह्यातल्या सांख्यिकीच्या कामात माझे पहिले वरिष्ठ. ते केदारखेड्याकडचे, धनगराच्या घरातले. मी जालन्याची, घरात तीन पिढ्या नोकरीच्या. आकडेवारी म्हणजे पंख्याखाली बसून करायचं काम, असं मला वाटायचं. ती चपला झिजवून होते, हे सरांनी शिकवलं. सगळी दुकानं कुणी मोजत बसत नाही. आधी वस्तीतल्या घरांची, गाळ्यांची यादी करायची, त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी थोडी निवडायची आणि त्या थोड्यांना सगळं विचारायचं: धंदा कोणाचा, कामाला किती जण, माल कुठून येतो, जातो कुठे. निवडलेलं एकेक दुकान न निवडलेल्या कितीतरी दुकानांच्या वतीने बोलतं. त्याच्या तोंडी खोटं घातलं, तर ते तितक्या पटीने वाढतं.

मी ते पहिल्याच वर्षी घातलं. वडीगोद्रीचंच एक टेलरिंगचं दुकान निवडलं गेलं होतं. दोनदा गेले, दोन्ही वेळा शटर बंद. उन्हाने जीव नकोसा झालेला. शेजारच्या चहावाल्याने पाटीवरचं नाव सांगितलं, एकटाच शिवतो म्हणाला, आणि मी तेच भरून मोकळी झाले. सरांनी फॉर्म वाचला आणि एवढंच विचारलं, मशीन पायाची होती का मोटारीची? मी मशीन पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मला घेऊन निघाले. मला इतका राग आला होता की मी मुद्दाम मागच्या सीटवर बसले. शटर तेव्हाही बंदच होतं. सर बोळातून मागे गेले. मागच्या खोलीत दोन जावा शाळेचे गणवेश शिवत बसल्या होत्या. पाटीवरचा माणूस थोरलीचा नवरा, कैक वर्षांपासून पुण्याला कंपनीत. दुकान थोरलीच चालवत होती. परत निघताना स्टँडवर सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही नुसता आळस न्हाई केला, दोन बाया खोडून टाकल्या व्हत्या. अन् त्यांच्यामागं अजून किती, ते तुमचं तुम्हीच बघा."

मग पेरू कापता कापता त्यांनी घरची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी असाच कुणी कागद घेऊन दारात आला होता. आईचं विचारल्यावर वडील म्हणाले, ती काय करती, घरीच असती. आई समोरच बसून लोकर कातत होती. त्या लोकरीच्या घोंगड्या बाजारात विकून घर चालायचं. आलेल्या माणसाने तिचे हात पाहिले आणि लिहिलं, घरकाम. मला वाटलं आता सर त्याला शिव्या घालतील. "माणूस वाईट न्हवता," ते म्हणाले. "जल्दीत व्हता."

सर कधी जल्दीत नसायचे आणि ते त्यांना महागात पडलं. एका वर्षी मुदत संपत आली तरी काही दुकानं बंदच सापडत होती. शेजारीपाजारी विचारून उरकून टाका, असा वरून निरोप आला. सरांनी त्या फॉर्मांवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, बंद, माहिती मिळाली नाही. त्याबद्दल मेमो मिळाला, बढती अडली ती अडलीच. मला त्याची अजून चीड येते, पण त्याहून जास्त अभिमान वाटतो. उद्योगांची आकडेवारी पेपरात आली की मी घरात मोठ्याने वाचून दाखवते. मुलगी म्हणते, आई, त्यात एवढं काय आहे? त्यात आमच्या सरांच्या चपला आहेत, हे तिला एकदा नीट सांगायचं आहे...

मागच्या वर्षी बदनापूरची एक गल्ली निवडली गेली आणि निवृत्त झालेल्या सरांचंच घर माझ्या वाट्याला आलं. कुणाची माहिती बाहेर सांगायची नाही हा आमचा पहिला नियम. हे काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, विचारून लिहिते आहे. कौसाकाकू शेवया करून देतात. लग्नसराईत त्यांना बोलायला फुरसत नसते. तरी मी विचारल्यावर त्याही तेच म्हणाल्या, आमचा कसला धंदा, घरच्या घरी आपलं काहीतरी. तेवढ्यात सर आतून आले, हाताला पीठ लागलेलं. "लिवा मॅडम. मालकीण, कौसाबाई. मशीन मोटारीची. बिनपगारी मदतनीस, एक. मीच." असं सांगताना माणूस इतका ताठ उभा होता, की बढतीचा कागद हातात पडला असता तरी याहून ताठ झाला नसता.

परवा पुन्हा त्या घरी गेले. काकूंनी काम सुरू केलं आहे. अंगणात खाटेवर शेवया वाळत होत्या. सावली सरकेल तशी ती खाट उन्हात ओढायची, हे सरांचं काम. काकू म्हणाल्या, "मागच्या साली तुम्ही कामाला दोघं लिवले व्हते. आता एक कमी करून टाका."

मी म्हटलं, "काकू, ज्या महिन्याचं मी विचारलं होतं, त्या महिन्यात सर होते. तो आकडा बरोबर आहे. तो आता कुणालाही खोडता येणार नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग राहू द्या," म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसून उठल्या. सावली खाटेपर्यंत आली होती. त्यांनी एक बाजू उचलली. दुसऱ्या बाजूला, हाताला लाकडाचं कुसळ टोचू नये म्हणून सरांनी गुंडाळलेली चिंधी अजून तशीच होती. मी तिथे धरलं.